सुनेच्या माहेरची दिवाळी

भूगोलाच्या निवृत्त सरांनी वाचनालयात 'प्रांतोप्रांतीची दिवाळी' या विषयावर भाषण ठोकलं, तेव्हा त्यांची सून तिसऱ्या रांगेत बसली होती. भाषण झकास झालं. कुठे पहाटे तेल लावून आंघोळ, कुठे रात्री कालीमातेची पूजा, कुठे व्यापाऱ्यांचं नवं वर्ष; सरांनी अख्खा नकाशा तोंडपाठ म्हटला.

मग ग्रंथपाल बाईंनी सहज विचारलं, की सूनबाई दूर दक्षिणेकडच्या ना, त्यांच्याकडे कशी असते?

सून घरात येऊन सहा वर्षं झाली होती, पण सरांनी हे तिला कधी विचारलंच नव्हतं. मात्र 'माहीत नाही' हे शब्द त्यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही उच्चारले नव्हते. त्यांनी दिलं ठोकून, "त्यांच्याकडे जावई पहिला दिवा डोक्यावर घेऊन घराला तीन फेऱ्या मारतो."

लोक खूश झाले. दुर्दैवाने जावई, म्हणजे सरांचाच मुलगा, समोर होता. अध्यक्षांनी त्याला प्रात्यक्षिकासाठी उभं केलं. बापाची लाज राखायला तो बिचारा डोक्यावर रिकामी पणती ठेवून खुर्च्यांभोवती फिरू लागला. दुसऱ्या फेरीत पणती अध्यक्षांच्या चहात पडली.

"असंच करतात ना?" शर्ट पुसत अध्यक्षांनी सुनेला विचारलं.

सरांनी मान खाली घातली.

"थोडं हळू चालायचं असतं," ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर सर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आपलं चुकलं म्हणाले आणि खरी पद्धत विचारली.

"बाबा, आमच्या घरी दिवाळी करतच नाहीत."

सरांना खरं वाटेना. सहा वर्षं हीच पहाटे चारला उठून घरभर पणत्या लावत होती. ती म्हणाली, इथे करतात म्हणून करते.

"मग तुमचा मोठा सण कुठला?"

तिने नाव सांगितलं. 'जोड्या लावा'मध्ये ते नाव सरांनी कित्येक वर्षं घातलं होतं.

"आता कधी आहे तो?"

"झाला, गेल्या महिन्यात." तिने कप विसळून पालथा घातला. "मी रजा घेतली होती त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, घरीच आहेस तर माझं भाषण टाईप करून दे."