चार ओळींची जागा

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मला उठवून दोन पेले पाणी पाजण्यात आले. पाजणारी माझी पत्नी होती आणि हेतू मला वाचवण्याचा होता, हे आधीच नमूद करतो. चष्मा सापडेपर्यंत पहिला पेला संपला होता.

"अगं, डॉक्टरांनी मला पाणी मोजून दिलंय. चहा धरून दिवसाला पाच पेले."

"ते गेल्या वर्षी," ती म्हणाली. "हे आज सकाळी आलंय."

माझे हृदय कामात थोडे मंद आहे. अंगात पाणी साठते, पावले सुजतात, जिन्यात दम लागतो. शिवाय ॲस्पिरिनमुळे एकदा पोटात रक्तस्राव झाल्याने ती गोळी मला वर्ज्य, असे माझ्या फायलीवर लाल शाईने लिहिलेले आहे. पत्नीला हे सगळे पाठ आहे. तरी तिने फोन माझ्यापुढे धरला.

'तज्ज्ञांच्या मते, उठताच दोन पेले, स्नानापूर्वी एक, प्रत्येक भोजनाआधी अर्धा तास दोन व निजण्यापूर्वी एक पेला पाणी घेतल्यास हृदयविकार दूर राहतो. उशाशी ॲस्पिरिन ठेवून रोज एक घ्यावी.'

'निजण्यापूर्वी' या शब्दापाशी मी थबकलो. ते चार ओळींचे ज्ञान माझे होते.

चाळीस वर्षांपूर्वी मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. एका गादीवाल्याचे भिंतीवरचे कॅलेंडर छपाईला गेले होते. ऐन वेळी एक जाहिरात रद्द झाली आणि एप्रिलच्या पानामागे चार ओळींची जागा उरली. फोरमन म्हणाले, "चार ओळी द्या. कुणाचं वाईट होणार नाही असं काहीतरी." मी पाणी निवडले. पाण्याने जेमतेम अडीच ओळी भरल्या. फोरमनचे डोके दुखत होते आणि टेबलावर ॲस्पिरिनची पट्टी पडली होती, ती पुढची ओळ झाली. 'झ'चे छपाईचे खिळे झिजले होते, म्हणून 'झोपण्यापूर्वी'ऐवजी 'निजण्यापूर्वी'. तरीही सुरुवात सैल दिसत होती, तेव्हा 'तज्ज्ञांच्या मते' घातले. त्या खोलीत तज्ज्ञ म्हणावे असे आम्ही दोघेच होतो, आणि त्यातल्या एकाचे डोके दुखत होते.

हे पत्नीला तेव्हाच सांगायला हवे होते. पण आमच्या धंद्यात चूक समासात खूण करून दाखवतात. तोंडाने कबूल करायची सवय मला लागली नाही.

बुधवारी आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी विषय हाती घेतला. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. मजकुरात पेल्याचे माप दिलेले नाही, ही त्यांना आढळलेली एकमेव त्रुटी. त्यांनी स्वतःच्या घरातला पेला प्रमाण पेला म्हणून जाहीर केला आणि लिफ्टशेजारी नोंदवही टांगली. रकाने पाच: उठताच, स्नानापूर्व, भोजनपूर्व, निजण्यापूर्व, गोळी. प्रत्येकाने सही करायची. शनिवारी उशांची तपासणी.

सगळी इमारत पाणी पिऊ लागल्यावर सगळी इमारत शौचालयातही जाऊ लागली. सकाळी नऊला टाकी कोरडी पडायची. स्नाने आठवडाभर स्थगित झाली. स्नानापूर्वीचा पेला मात्र, त्याला स्वतंत्र रकाना असल्याने, चालू राहिला.

माझ्या सह्या कमी पडत होत्या. सेक्रेटरी वही घेऊन दारात आले.

"काका, तुमच्यामुळे तिसरा मजला मागे पडतोय."

मी त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली.

"ही एका डॉक्टरांची आहे. मेसेजमध्ये तज्ज्ञांच्या मते आहे. तज्ज्ञ किती, एक का?"

"एकही नाही," मी म्हणालो आणि उभ्या आयुष्यात केले नव्हते ते केले. माळ्यावरून जुने कॅलेंडर काढले, एप्रिलचे पान उलटे करून त्यांच्या हातात दिले आणि सगळे सांगितले. गादीवाला, फोरमन, 'झ'चे खिळे, सगळे.

सेक्रेटरींनी पान दोन्ही हातांनी धरले. "म्हणजे हे छापील आहे."

"हो, पण मी लिहिलंय."

"तुम्ही तिथे काय करत होता म्हणालात?"

"प्रुफं तपासत होतो."

"मग झालं तर. तपासलेलंही आहे."

दुसऱ्या दिवशी एप्रिलचे पान काचेच्या चौकटीत लिफ्टमध्ये लागले.

पुढच्या सोमवारपर्यंत माझ्या चपला मला होईनात. गोळ्या मी रोज कुंडीत पुरत होतो, पण पाणी समोर उभे राहून पाजले जात होते. दुसऱ्या मजल्यावर मला पायरीवर बसावे लागले. पत्नी घाबरली आणि मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी माझ्या पावलावर अंगठा दाबला. खळगा बराच वेळ तसाच राहिला.

"एवढं पाणी कोण पाजतंय यांना?"

"आम्ही काळजी घेतो," पत्नी म्हणाली.

"बाई, काळजी कमी घ्या. पाणी पाच पेले, त्यावर थेंब नाही. आणि ॲस्पिरिन घरातसुद्धा नको. हे सगळं माणूस बघून ठरतं, मेसेज बघून नाही."

तिने मान डोलावली. मला हायसे वाटले. मग मी डॉक्टरांच्या मागच्या भिंतीकडे पाहिले. तिथे माझ्या चार ओळी निळ्या अक्षरांत झळकत होत्या. डॉक्टर ओशाळले.

"पेशंट विचारतात हो. लावलं नाही तर दवाखाना मागासलेला वाटतो. घरी आई मलाही पाजते."

परतताना पत्नी म्हणाली, "डॉक्टर बोलले ते बोलले. पण भिंतीवर काय लावलंय ते बघितलंत ना?"

"अगं, पण मला त्रास होतोय."

तिने औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्हाला दम लागतो तेव्हा मी नुसती बघत बसते. पेला भरला की निदान हाताला काम मिळतं."

यावर समासात करायची कोणतीही खूण मला येत नव्हती.

त्या दुपारी मी खरा मजकूर लिहिला. पाणी किती प्यावे हे प्रत्येकाच्या प्रकृतीवर असते, ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये, छातीत दुखल्यास वेळ न घालवता दवाखाना गाठावा. मी तो माझ्या मेव्हण्याला पाठवला. काहीही न वाचता दोनशे जणांना धाडणे ही त्याची ख्याती. हा मजकूर मात्र त्याने वाचला.

"भावजी, डॉक्टरांना विचारा असं काय लिहिलंय? ते तर कुणीही सांगेल," तो फोनवर म्हणाला. "यात आपल्याला काय करायचंय तेच नाही."

चूक दाखवणारा मनुष्य बरोबर होता. मी पुन्हा बसलो आणि मोजून चार ओळी लिहिल्या. 'तज्ज्ञांच्या ताज्या मतानुसार, साठी ओलांडलेल्यांनी रिकामा पेला डाव्या हातात धरून तीनदा ओठांना लावावा. हृदय पेला ओळखते, पाणी नव्हे. गोळीचे पाकीट उघडू नये. गुण उशीत उतरतो.'

संध्याकाळच्या चहापूर्वी तो मजकूर सात ठिकाणांहून पत्नीकडे आला. नोंदवहीत सहावा रकाना पडला: रिकामा. मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिने मला उठवले आणि तितक्याच मायेने रिकामा पेला पुढे केला. मी तीनदा ओठांना लावला आणि सही केली. दिवसाला पाच पेले मी मोजून प्यायलो. आठवड्यात पावले उतरली.

"चेहरा बघा कसा टवटवीत झालाय," ती म्हणाली. "नव्या पद्धतीचा गुण."

मी स्वतःवर खूश होतो. एक गोष्ट तपासायची राहून गेली होती. पत्नीलाही त्रेसष्ट वर्षे पूर्ण झाली होती.

उन्हाळा कडक होता. शुक्रवारी दुपारी ती ओट्याला धरून हळूहळू खाली बसली. ओठ सुकले होते, नजर ठरत नव्हती. मी पेला भरून आणला.

"पाणी पी."

"साठी ओलांडलीय मी," ती म्हणाली आणि तोंड फिरवले.

"अगं, ते माझ्यासाठी होतं. मी लिहिलंय ते. तज्ज्ञबिज्ञ कुणी नाही."

तिने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिले. "तुम्ही? तुम्ही पत्रावर स्वतःचा पत्ता लिहितानाही मला विचारता."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते निघाले, म्हणाले, तोवर घोट घोट पाणी द्या. तेही मी तिला सांगितले. तिने ओठ मिटून घेतले. मग एका हातात पेला धरून दुसऱ्या हाताने, उभ्या उभ्याच, मी तिसरा मजकूर लिहिला. 'आत्ताच आलेल्या माहितीनुसार, स्त्रियांनी पेला भरूनच घ्यावा.' मेव्हण्याला पाठवला. मेव्हण्याने न वाचता पुढे ढकलला. अकरा मिनिटे मी भरलेला पेला धरून तिच्यापुढे उभा होतो. अखेर ओट्यावर तिचा फोन वाजला. सेक्रेटरींकडून आले होते, वर 'महत्त्वाचे' असे लिहून. तिने ते सावकाश वाचले आणि हात पुढे केला.

"बघा," दोन घोट झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही उगाच काहीबाही सांगता."

डॉक्टर आले तेव्हा तिला तरतरी आली होती. त्यांनी पेल्याकडे पाहिले आणि दबक्या आवाजात मला विचारले, "पुरुषांचं काही आलंय का?"

ही सगळी हकिकत लिहून मी या मासिकाला पाठवली, निदान एकदा तरी चूक छापील स्वरूपात कबूल व्हावी म्हणून. काल संपादकांचा फोन आला. मजकूर आवडला, पण पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरते आहे. प्रकृतीविषयी काहीतरी द्या, कुणाचं वाईट होणार नाही असं. मी नाही म्हणू शकलो नाही. त्या ओळी इथे खाली चौकटीत येतील. मी डॉक्टर नाही, हे वरती पुरेसे सांगून झाले आहे. तरी तुमची नजर आत्ताच खाली गेली.