वरच्या मजल्यावर चोवीस अंश

सार्वजनिक वाचनालयाच्या ऊर्जा-अहवालात एकच रकाना भरायचा राहिला होता. इमारतीतल्या हवेचं गणित संगणकावर मांडणं हे अभियंताबाईंचं काम, आणि ते त्या गेली अकरा वर्षं इमानेइतबारे करत होत्या. भिंती झाल्या, खिडक्या झाल्या, वाचकांच्या अंगातून निघणारी उष्णतासुद्धा दरडोई धरून झाली. अडलं ते तळमजल्याच्या छतातल्या भोकापाशी. वरच्या वाचनकक्षात जाणारा जिना त्या भोकातून चढत होता आणि भोक चांगलं चार खाटा मावतील एवढं होतं.

मंजूर सॉफ्टवेअर विचारत होतं : 'मजल्यात उघडी जागा : आहे / नाही.' 'आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा : 'तिथून हवा वर जाते की खाली? एकच पर्याय निवडा.'

बाईंनी ऊर्जा-कक्षाच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, हवा दोन्हीकडे जाते. खालची गरम हवा वर चढते आणि वरची गार हवा त्याच भोकातून खाली उतरते."

"एकाच वेळी?"

"हो."

"मग टक्कर होत नाही?"

"होते ना. म्हणून तर गणित अवघड आहे."

"बाई, हवेचं एकदा काय ते ठरू द्या," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "तोवर 'नाही' लिहा."

अहवाल पाचपर्यंत द्यायचा होता आणि पावणेपाच वाजले होते. बाईंनी 'नाही'वर खूण केली. भोक नाहीसं झाल्याबरोबर गणित शहाण्यासारखं वागू लागलं : वरचा मजला, बारा महिने, चोवीस अंश. इमारतीला उत्तम दर्जा मिळाला आणि दर्शनी भिंतीवर तशी पितळी पाटी लागली.

पंचाईत एवढीच, की त्या वाचनकक्षात रोज सकाळी बाईंचे वडील पेपर वाचायला जात.

"अगं, वर नुसती भट्टी आहे," ते जेवताना म्हणाले. "आणि खाली ग्रंथपाल स्वेटर घालून बसलेत. आमच्या एसीची सगळी गार हवा त्यांच्या डोक्यावर पडते."

"बाबा, वर चोवीस अंश आहे," बाई ताटातली नजर न काढता म्हणाल्या.

"असेल बाई. मग घाम मलाच येत असेल."

वडिलांनी रीतसर तक्रार केली. साहेब तापमापक घेऊन आले. वर तेहतीस अंश भरले. अहवालाशी विसंगत वर्तन केल्याबद्दल तापमापक निलंबित करण्यात आला आणि वडिलांना लेखी उत्तर मिळालं, की आपणांस होणारा उकाडा हा वैयक्तिक स्वरूपाचा आहे.

पत्र वाचून वडील पोट धरून हसले. पण त्याच आठवड्यात ते वाचनकक्षात भोवळ येऊन टेबलावर कलंडले, तेव्हा मात्र बाईंचा धीर सुटला. त्यांनी साहेबांना कबुलीपत्र नेऊन दिलं : मजल्यात भोक आहे, 'नाही'ची खूण माझ्या हातची आहे.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "ही गंभीर तफावत आहे. म्हणजे इमारत अहवालाप्रमाणे नाही."

"अहवाल इमारतीप्रमाणे नाही, साहेब. मी आजच दुरुस्त करून देते."

"अहवालाला मंजुरी आहे, बाई. इमारतीला काय आहे?"

सोमवारी सकाळी इमारतीची दुरुस्ती सुरू झाली. भोकावर लोखंडी पत्रे बसवायचे होते. मिस्त्रीने विचारलं, "साहेब, वर कुणी नाही ना?"

साहेबांनी अहवालातला नकाशा उलगडला. "वर जायला वाटच नाही. मग कोण असणार?"

तासाभरात पत्रे ठोकून झाले. जिना छताला डोकं टेकवून उभा राहिला. थोड्या वेळाने वरून धपधप आवाज यायला लागले, तशी ग्रंथपालांनी 'शांतता राखा'ची पाटी छताकडे वळवून ठेवली.

दहाला बाईंचा फोन वाजला. "अगं, काय झकास गार झालंय!" वडील म्हणाले. "तुझं गणित अगदी बरोबर निघालं. फक्त खाली कसं यायचं, तेवढं सांग. आम्ही तिघं आहोत."

बाई धापा टाकत ऊर्जा-कक्षात पोचल्या. त्यांना तीन तास बाकावर बसवून मग साहेबांनी सुटकेचा अर्ज पुढे केला. पहिलाच रकाना होता : 'संबंधित व्यक्ती वर कोणत्या मार्गाने गेली?'

"जिन्याने."

"जिना छतापाशी संपतो, बाई. खोटी माहिती दिलीत तर अर्ज बाद होईल."

या खेपेला बाईंनी रकाना भरला नाही. अर्ज तिथेच टाकून त्या निघाल्या, वाचनालयासमोरच्या रंगाऱ्याची शिडी मागून आणली, वाचनकक्षाच्या खिडकीला लावली आणि खालून दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या. तिघंही सुखरूप उतरले. वडील सगळ्यांत शेवटी.

"चुकलं माझं, बाबा," बाई म्हणाल्या.

"आलीस ना तू," वडील शर्ट झटकत म्हणाले. "मी सकाळपासून त्या खिडकीत उभा राहून हात हलवत होतो. रस्त्यावर किती माणसं थांबली! माना वर करून बघितलं, मोबाइलवर फोटोसुद्धा काढले."

"आणि कुणी काहीच केलं नाही?"

"केलं की. सगळ्यांनी हसून उलट हात हलवला."

त्यातला एकेक चेहरा वडिलांना अजून लख्ख आठवतो. खांद्यावरची पिशवी सावरत, घाईघाईने हात हलवून पुढे गेलात, ते तुम्हीच ना?