दृष्ट लागलेली टर्बो

एका जंगलात, बाळांनो, एक मोटार होती. हो, जंगलात. तुमच्या आजोबांच्या हातात नाही का मोबाइल असतो? तसंच.

मोटार सिंहमहाराजांची. टर्बोवाली. म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारी एक फिरकी होती तिला. घाट दिसला की वणवा मागे लागल्यासारखी पळायची. प्यायची मात्र इथेनॉल, जंगलातल्याच उसाच्या मळीपासून काढलेलं. बाहेरचं पेट्रोल नको, असं ज्येष्ठ मंडळानं ठरवलं होतं. ज्येष्ठ मंडळात कोण होते? म्हातारे होते. ते काय करायचे? ठरवायचे.

मोटारीची देखभाल तेजू मुंगूस हिच्याकडे. शहरात कॉलेज शिकून आलेली, राग नाकाच्या शेंड्यावर. नदीकाठच्या गुहेत तिचं गॅरेज होतं, आणि त्या गॅरेजवर मंडळाचा डोळा होता. तिथे त्यांना विरंगुळा केंद्र काढायचं होतं. कॅरम, आरामखुर्च्या, दुपारची झोप.

माघात कडाक्याची थंडी पडली. मोटार सकाळी सुरूच होईना. झालीच तर चढावर फट्‌ फट्‌ फटाक्‌ करून ठसके देई. आणि नेमकं महाराजांचं लग्न ठरलं. नवरी घाटापलीकडची.

"वरात मुहूर्ताला पोचली तर गॅरेज तुझं," मंडळाचे अध्यक्ष अस्वलअप्पा म्हणाले. "नाही पोचली तर आमचा कॅरम."

"साधं आहे, अप्पा," तेजू म्हणाली. "थंडीत इथेनॉलची नीट वाफ होत नाही. ओलंच आत जातं, ठिणगी पाडणारे प्लग भिजतात. वर टर्बोची हवा. वाऱ्यावर काडी विझते तशी ठिणगी विझते. टाकीत थोडं पेट्रोल मिसळते, प्लग पुसते, त्यांच्या टोकांमधली फट कमी करते. बॉनेट तेवढं उघडू द्या."

"बॉनेट?" अप्पांनी कानांवर पंजे ठेवले. "थंडीत झाकण उघडतं का कुणी? आतली ऊब जाते. मी थंडीभर गुहेचं दार उघडत नाही. आजारी पडलोय कधी?"

"आणि थंडीवर औषध काय?" कासवआबांनी विचारलं, आणि स्वतःच सांगितलं, "एक कडक घोट! अंग कसं तापतं. मोटारीलाही जास्त कडक पाजा."

"आबा, तिला तेच तर बाधतंय!"

"पोरी, तू घेतलीयस का कधी?"

"नाही."

"मग?"

या 'मग'पुढे कुणाचं चाललंय, बाळांनो? टाकीत शुद्ध, कडक इथेनॉल ओतलं गेलं. बॉनेटवर गोधडी घातली. गोधडीवर अप्पा स्वतः बसले. ऊब म्हणून.

लग्नाच्या सकाळी महाराज फेटा बांधून मागच्या सीटवर बसले. हत्तीनं ढकलून मोटार कशीबशी सुरू केली. घाटाच्या पायथ्याशी ती ठसकली, शिंकली आणि गप्प झाली.

महाराजांनी सूर्याकडे पाहिलं. मग अप्पांकडे पाहिलं. सकाळपासून त्यांचा उपास होता.

"तेजूचा हलगर्जीपणा," अप्पा जरा घाईनंच म्हणाले.

तेजूची शेपटी ताठ झाली. ओरडायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिला अप्पांच्या कोटाच्या खिशातून डोकावणारा कॅरम पावडरचा डबा दिसला. तिनं तोंड मिटलं.

"अप्पा," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "मोटारीला दृष्ट लागलीय."

"तरीच!" आबा म्हणाले.

"काढते मी. पण दृष्ट पार आत शिरलीय, बॉनेट उघडावं लागेल. आणि ज्येष्ठांनी पाठ फिरवून डोळे मिटायचे. नाहीतर ती त्यांना धरते."

कासवआबांसकट सगळे इतक्या चपळाईनं कधी वळले नव्हते.

तेजूनं लिंबू ओवाळलं, मीठ-मोहरी निखाऱ्यावर टाकली, तोंडानं "आल्यागेल्याची, जळणाऱ्याची" असं पुटपुटत राहिली. मोहरीच्या तडतडीत पान्याचा आवाज बुडाला. प्लग गोधडीच्या टोकानं पुसले, ठोकून फट कमी केली. टाकीतलं थोडं इथेनॉल काढलं आणि सीटखाली दडवलेला पेट्रोलचा कॅन आत रिकामा केला.

मोटार एका दमात घाट चढली. अक्षता वेळेवर पडल्या.

पंगतीत मात्र तेजूला राहवेना. "अप्पा, खरं सांगू? मी प्लगची फट कमी केली. पेट्रोल घातलं."

"घातलं असशील गं," अप्पा जिलबी मोडत म्हणाले. "पण लिंबू? ते काय कॉलेजात शिकवतात?"

तर गॅरेज तेजूलाच मिळालं. पाटी तेवढी मंडळानं बदलली: 'दृष्टनिवारण केंद्र'. हल्ली तिथे कुठलंही झाकण उघडायला कुणाची हरकत नसते. लिंबू सोबत आणावं लागतं, इतकंच.

पहिल्या दिवशी रांगेत सगळ्यांत पुढे कासवआबा होते. "पोरी, थंडीत माझा गुडघा सुरूच होत नाही बघ."

तेजूनं पाना उचलला. "डोळे मिटा, आबा."

तात्पर्य: थोरांचा सल्ला नेहमी डोक्यावर घ्यावा. त्यामुळे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात.