पाऊणरावांचा दुसरा हात

"पेंटर कशाला हवाय? चार भिंती तर आहेत! मी एकटा एका दिवसात उडवतो!"

शनिवारी जेवताना पाऊणरावांनी हे जाहीर केलं आणि त्यांच्या बायकोचा घास हातातच राहिला.

पाऊणराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बायकोने ठेवलं आणि सगळ्या नातेवाइकांनी उचलून धरलं. माणूस कुठलंही काम झोकात सुरू करणार आणि पाऊण झालं की सोडून देणार! घरातल्या शेल्फला तीन फळ्या आहेत, चौथी सहा वर्षं पलंगाखाली धूळ खातेय. पोहायला शिकले, पण वळायचं राहून गेलं. त्यामुळे पोहत जातात आणि काठाकाठाने चालत परत येतात.

"अहो, लेक आठ महिन्यांनी घरी येतेय," बायको म्हणाली. "उद्या सहाला. तिला तीन भिंतींची खोली दाखवणार का? त्यापेक्षा पेंटर सोमवारी येतोच आहे, मी सांगून ठेवलंय."

हे मात्र पाऊणरावांच्या जिव्हारी लागलं. लेक नोकरीला परगावी निघाली तेव्हा शब्द त्यांनीच दिला होता. तू परत येशील तेव्हा तुझी खोली तुझ्या आवडीच्या कोवळ्या हिरव्या रंगात तयार असेल! परवा फोनवर तिने विचारलं, "बाबा, पाऊण झाली का खोली?" आणि खुदकन हसली. बापाला काही हसू आलं नाही.

"उद्या सहाला खोली पूर्ण दिसेल!" त्यांनी ताटावर बोट आपटून सांगितलं.

रविवारी सकाळी बायको बहिणीकडे गेली. तिथूनच ती परस्पर स्टँडवर जाऊन लेकीला आणणार होती. पाऊणराव कंबर कसून उभे राहिले. काम कसं, एकदम शिस्तीत! आधी दाराचं हँडल काढलं, म्हणजे त्याला रंग लागायला नको. हँडल, स्क्रू, स्क्रूड्रायव्हर आणि मोबाईल एका पिशवीत घातले, वर 'लेकीच्या खोलीचं दार' अशी चिठ्ठी लावली आणि पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली. मग दाराला आतून ऑइलपेंट दिला आणि भिंतींना हात घातला.

अकरापर्यंत तीन भिंती झाल्या. पाऊणराव मागे सरकून बघू लागले. वा! काय झालंय काम! आता जरा चहा टाकावा, अंग टेकावं, चौथी काय, जेवून होईल. तुम्ही ओळखलंच असेल, हीच ती पाऊण वेळ! रोलर ट्रेमध्ये ठेवून ते वळले, तेवढ्यात खिडकीतून वारा आला.

धाड!

दार बंद. हँडलच्या जागी नुसतं भोक! पाऊणरावांनी भोकात बोट घातलं, मग ब्रशचा दांडा घातला. दांडा मोडला. धक्का मारावा तर दार ओलं, टेकावं तर भिंती ओल्या. "अगं!" अशी त्यांनी सवयीने हाक मारली, पण घरात होतंच कोण?

पंधरा मिनिटं त्यांनी स्वतःला शिव्या घातल्या. मग करायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून चौथी भिंत रंगवली.

दीडच्या सुमाराला ते खिडकीशी आले, तर खाली सोसायटीचं फाटक कोण रंगवत होतं? तोच तो सोमवारचा पेंटर!

"काय काका? काही हवंय का?"

आता याला सांगायचं, की मी माझ्याच घरात अडकलोय? छे! जीव गेला तरी नाही!

"छे, छे! हवा खातोय!"

"पहिला हात झाला का? चांगला वाळू द्या. मग दुसरा मारा. वरून खाली, एका दमात! का तेवढ्यावरच आटोपतं घेताय?"

"आटोपतं? दुसरा हात तर मारणारच!" पाऊणराव गरजले आणि स्वतःच दचकले.

तीन वाजता दुसरा हात सुरू झाला. पोटात कावळे कोकलत होते, खांदे भरून आले होते. चार वाजता चक्क चहाचा वास आला. 'भुकेने आता भासही होऊ लागले,' असं म्हणून पाऊणरावांनी घाम पुसला, कपाळ हिरवं केलं आणि रोलर वरून खाली ओढला. कोपरे छोट्या ब्रशने काढले. खिडकीच्या कडेचे दोन ठिपके दिसले, तेही पुसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना करायला काही उरलं नाही.

सहा वाजता खट्कन दार उघडलं. दारात लेक उभी होती. तिने चारही भिंतींवरून नजर फिरवली, मग पुन्हा फिरवली.

"बाबा, पूर्ण!" ती म्हणाली आणि रंगासकट त्यांच्या गळ्यात पडली. दिवसभराचे सगळे हाल पाऊणराव विसरले.

तेवढ्यात त्यांची नजर मागे गेली. बायको हातात हँडल घेऊन उभी होती.

"हे... तुला लगेच सापडलं?"

"लगेच? एक वाजता सापडलं. बहीण घरी नव्हती, बाजार करून मी परत आले. टेबलावर पिशवी, आत रोलरचा आवाज! म्हटलं, आता दार उघडलं की झालं पाऊण. म्हणून पेंटरला म्हटलं, जरा दुसऱ्या हाताचं विचारा. मग चहा केला, स्टँडवर जाऊन हिला घेऊन आले."

"म्हणजे तो चहा खरा होता?"

 बायकोने पिशवीतला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि शांतपणे स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

"अगं, तिथे काय करतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. "हँडल काढून ठेवतेय. पुढच्या रविवारी स्वयंपाकघर रंगवायचंय."