कव्हरावरची श्रीमती

“कव्हर म्हणजे काय मोठं! रुद्रची खिमटी निवायच्या आत परत येते की नाही बघा!” असं सासूला ऐकवून नम्रता घराबाहेर पडली.

शिवणकामाच्या कोर्सचा प्रोजेक्ट पुरा झाला होता. विषय बाळंतविडा. झबलं, टोपडं, दुपटं, सगळं तिनं रुद्र झोपला की शिवलं होतं, आणि तो उठला की त्याच्याच अंगावर घालून मापं तपासली होती. राहिलं होतं फक्त पहिलं पान. उद्या दुपारपर्यंत फाइल जमा झाली नाही तर परीक्षेला बसायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. आणि परीक्षा हुकली तर पुन्हा कोर्सचं नाव काढायचं नाही, असं सासूनं, भागूबाईनं! “पोराला टाकून चिंध्या जोडाया जातीय,” ही तिची रोजची भूपाळी.

चौक गावच्या बाजारात पोपटदादाचं झेरॉक्सचं दुकान. पोपटदादा म्हणजे पंचक्रोशीतल्या वाढदिवसांचा आणि तेराव्यांचा हक्काचा कलाकार. त्याच्या कॉम्प्युटरला दोनच चौकटी ठाऊक: फुग्यांची आणि काळी.

“फुगे टाकू?”

“दादा, अभ्यासाचं हाय!”

“मग काळी.” नावापाशी त्याची बोटं अडली. “सौ. ना?”

“नाय, श्रीमती. सर म्हणाले, लग्न झालेली असो नसो, सगळ्या बायकांना श्रीमतीच लिहायचं. नियम आहे.”

पोपटदादानं मान हलवली, श्रीमती टाकलं, पान छापलं आणि जपून राहावं म्हणून एक प्रत तिच्या मोबाइलवर धाडली. मोबाइल होता घरी! गाण्याशिवाय रुद्र घास गिळत नाही, म्हणून भागूबाईच्या हातात.

रुद्रचं खिमटीनं बरबटलेलं बोट पडद्यावर पडलं, नाचणारी चिमणी गायब झाली आणि तिच्या जागी काळी चौकट उभी राहिली. भागूबाई अक्षर अक्षर लावून वाचायची. “श्री... म... ती... नम्रता... हर्षद...” तिच्या हातातला चमचाच गळला! तिला श्रीमती पहिल्यांदा कुणी लिहिलं होतं? नवरा गेल्यावर, विधवेच्या पगाराच्या कागदावर! त्याआधी ती सौ. होती. मग आता सुनेला श्रीमती केलं, म्हणजे...

तिचा लेक हर्षद सकाळीच खोपोलीला कंपनीत गेलेला. शेजारच्या रोहिणीनं फोन लावून दिला. बंद! कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करतात, पण ते आठवतं कुणाला? मागच्या वर्षी खालच्या आळीतला पोरगा असाच सकाळी डबा घेऊन गेला होता आणि गाडीतून आडवा परत आला होता. भागूबाईनं हंबरडा फोडला तो शिवेपलीकडं ऐकू गेला!

नम्रता परतली तर अंगणात चपलांचा खच. तिच्या लग्नालासुद्धा एवढी माणसं नव्हती! बायकांनी तिला दोन्हीकडून धरलं. “धीर धर गं बाय. हर्षदचा कागद आला.”

कसला कागद, कुणाचा, हे कुणीच विचारेना. नम्रता मटकन खाली बसली. रडू येईना. सकाळी डब्यात लोणचं द्यायचं राहिलं होतं, आणि दारातून वळून तो काहीतरी म्हणाला होता ते मिक्सरच्या आवाजात ऐकूच आलं नव्हतं. एवढंच डोक्यात फिरत राहिलं. रुद्र तिच्या मांडीवर चढला आणि तिची ओढणी चघळायला लागला.

“शिवणकाम शिकली ते बाकी बरं झालं,” रोहिणी नाक पुसत म्हणाली. “पोट भरंल.”

“भरंल कसं नाय!” भागूबाईनं सुनेला कवटाळलं. “मी घेऊन देते गं मशीन तुला! बकऱ्या इकीन! तू शीक, पोराला मी संभाळते!”

लग्न झाल्यापासून सासूनं तिला इतक्या मायेनं कधी जवळ घेतलं नव्हतं.

तेवढ्यात शिफ्ट सुटून हर्षद आला. अंगणातली गर्दी बघून त्यानं शहाण्यासारख्या चपला काढल्या, तोंड पाडलं आणि गुपचूप सहदेवकाकांच्या शेजारी जाऊन टेकला.

“काका, कोण गेलं?”

काकांनी तंबाखू मळता मळता उसासा सोडला. “आपला हर्षद गेला रं.”

“आँ? कधी?”

“सकाळच्या पारी...” चिमूट तोंडात टाकत काकांनी मान वळवली, आणि तंबाखू गिळलीच!

मग जो कल्ला उसळला! कुणी पळालं, कुणी हर्षदला चिमटे काढून पाहिले. मोबाइल नम्रतासमोर आला. स्वतःचंच कव्हर बघून ती आधी खो खो हसली आणि मग, अडलेलं सगळं रडू एकदम फुटून, हर्षदच्या घामट शर्टात तोंड खुपसून रडली. तव्यावरची भाकरी करपवून आलेली रोहिणी मात्र फणफणत घरी गेली.

संध्याकाळी भागूबाईनं लेकाची दृष्ट काढली आणि हात झटकले. “झालं! पोरगा धडधाकट हाय. आता नको ते शिवणकाम.”

“अवो आई, मघाशी मशीन घेऊन देते म्हणालात ना?”

“मघाशी तुझा नवरा मेला व्हता!”

नवरा मुकाट जेवत होता. त्या दिवशी एकदा मरून झालं होतं, पुन्हा मध्ये पडायची त्याची छाती नव्हती.

सकाळी नम्रता फाइल घेऊन निघाली. भागूबाई दारातच उभी.

“कुठं?”

“जमा करायला.”

“त्येच पान?”

“तेच, आई. दुसरं चालत नाय.”

भागूबाईनं फाइल घेतली. त्या एका शब्दावरून अंगठा फिरवला.

“मी श्रीमती झाले तवा मला साधं बटन लावता येत नव्हतं गं,” ती हळूच म्हणाली. “हर्षद रुद्रएवढाच व्हता. बांधावर निजवून लोकांची लावणी करायची. पोर रडून रडून गप व्हायचं, पर वर बघायची सोय नव्हती.”

मग तिनं फाइल नम्रताच्या छातीवर आदळली आणि रुद्रला ओढून काखेत घेतलं. “जा! पर पालथी धर. वाटंत कुनी वाचलं तर परत रडाया मी रिकामी नाय!”

नम्रतानं सबंध रस्ता फाइल पालथी धरली. रिक्षात, पायऱ्यांवर, रांगेत. सरांच्या टेबलावरही तिनं ती तशीच, पालथी ठेवली.

सरांनी चष्म्यावरून त्या कोऱ्या पाठीकडं पाहिलं.

“काय ताई, कव्हर केलंच नाही वाटतं?”