कड्यांवरचा कळक

आमचे शेजारी नाना कुणाकडे गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, भांड्यांकडे बघतात. पाण्याचा तांब्या पुढे केला की तो उलटासुलटा करणार, डोळ्यांजवळ नेणार आणि म्हणणार, "हं! कळक शे." म्हणजे कळक आहे. पाणी मग. माझ्या भाचीला बघायला चाळीसगावची मंडळी आली, तेव्हा मी हौसेने नानांना बोलावलं. पाहुण्यांनी आणलेला पितळी डबा त्यांनी तिथेच चिंचेने घासायला घेतला! लग्न जमलं ते भाचीच्या नशिबाने.

आणि चुकून 'गंज' म्हणालात तर मेलातच. "गंज लोखंडाला, पोरी. तांब्या-पितळेवर धरतो तो कळक. मूळ शब्द कलंक, संस्कृतातला. म्हणजे डाग. लोकांच्या तोंडात झिजून झिजून कळक झाला." मग बोट आभाळाकडे. "चंद्रावरचा तो कलंक, तुझ्या परातीवरचा हा कळक. बठ्ठं, सगळं एकाच घरचं शे!" पितळी पातेल्यात राहून माझं ताक कळकलं, त्या दिवशी हे मी दोनदा ऐकलं. अहो, ताकाचं दुःख करायलाही उसंत दिली नाही.

वरणगावच्या कारखान्यात नानांनी जन्मभर पितळच तपासलं. डाग दिसला की माल बाजूला. निवृत्त होऊन मेहरूणला आले आणि आमची गल्ली तपासायला घेतली.

त्यांच्याच घरातल्या झोपाळ्याच्या पितळी कड्या मात्र काळ्याठिक्कर. फक्त उजवीकडे, मूठभर जागा सोन्यासारखी पिवळी. त्यांची बायको अक्का गेल्यापासून नाना रोज संध्याकाळी त्याच बाजूला बसायचे, ती जागा मुठीत धरून. मेहरूणच्या तलावावरून वारा यायचा, कड्या हलकेच करकरायच्या, नानांचे डोळे मिटलेले. वेळ कुठे जायचा कळायचं नाही.

"गल्लीला चिंच, आणि घरात हा कळक?" मी चिडवायची.

"झोका घे, पोरी. बोलू नको."

गेल्या दिवाळीला त्यांची मुलगी सुनंदा धुळ्याहून आली. अक्का गेल्यावर दोन दिवाळ्या घरात फराळ झाला नव्हता, यंदा करायचा होता. वडिलांना लखलखाट आवडतो, म्हणून नाना बाजारात गेल्याचं बघून तिने कड्या उतरवल्या आणि चिंच-मीठ लावून घसाघसा घासल्या. मी पाणी ओतत होते. पुन्हा टांगल्या तेव्हा वरपासून खालपर्यंत नुसता झगझगाट.

नाना आले. पिशवी हातातच. उजव्या कड्यांवरून त्यांनी हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. काहीतरी शोधत असल्यासारखा.

"कशा झाल्यात, नाना?" सुनंदा म्हणाली.

"झकास. तुझ्या आईला आवडल्या असत्या." एवढं बोलून ते तोंड धुवायला मागे गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

ती परत गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. अक्का नेहमी उजवीकडे बसायच्या. उभा संसार त्यांनी कडी त्याच जागी धरली, म्हणून तेवढीच जागा उजळ होती. ती काळी पडू नये म्हणून नाना तिथे हात ठेवून बसायचे. "आता बठ्ठंच चमकतंय. तिचा हात कुठे होता, कसं ओळखू? आणि सुनंदाला बोलू नको हं. प्रेमानं घासलंय पोरीनं."

अक्का माझ्याच उंचीच्या. मी त्यांच्या जागी बसले, सहज हात वर केला. "इथे, नाना." मी हात काढला तिथे त्यांनी आपला ठेवला.

तेव्हापासून गल्लीतली भांडी सुटली. नाना रोज तिथेच, मूठ आवळून. मध्ये उन्हाळा गेला. परवा पावसाची झड लागली होती. भिंतीपलीकडून हाक आली, "पोरी, धाव!" मी पिठाच्या हातांनी धावले. कड्या वरपासून खालपर्यंत काळसर पडल्या होत्या. नानांनी अलगद मूठ उघडली. आत तेवढंच पिवळंधमक पितळ.

"कळक आला गं!" नाना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "तुझी अक्का सापडली."