पुंजाजीचा आखरी पुकारा

आमचा शेजारी पुंजाजी रोज सकाळी आपल्या शेळीचा पुकारा करायचा. "चांदी शेळी, हाजिर होऽऽ!" शेळी बिचारी मुकाट्याने धारेला उभी राही.

बुलढाण्याच्या कोर्टात पक्षकारांची नावे पुकारणे हे त्याचे काम, आणि ते तो घरीही घेऊन येई. मी त्याच कोर्टात कारकून. मला उशीर झाला की माझाही पुकारा आळीभर होई. नाव घेत नसे ते फक्त बायकोचे. चारचौघांत बायकोचे नाव घेणे त्या काळी बेशरमपणाच. गिरजाबाईंना तो 'आयकलं का' म्हणे.

आवाजाचा भारी गर्व. "आपण बोंबललो त धाड गावच्या बाजारातला असामी उठून येते, बाबू!"

कोर्टाचा जमादार, म्हणजे शिपायांचा मुख्य, पेन्शनीत निघाला, तसे पुंजाजीने त्या जागेसाठी साहेबांच्या मागे टुमणे लावले. इंग्रजाच्या राज्यात जमादाराच्या लाल पट्ट्याचा आणि पितळी बिल्ल्याचा रुबाब काही औरच. गिरजाबाईंना डोळ्यांनी दिसत नसे, पण तो बिल्ला त्यांना एकदा हाताने चाचपायचा होता.

अखेर नागपूरहून आलेल्या मुन्सफसाहेबांनी त्याला बोलावले. मी तिथेच कागद लावत होतो.

"जमादारी दिली. उद्यापासून पुकारा दुसरा कोणी करील."

पुंजाजीचे तोंड उतरले. "त्याचा आवाज पिचका असन, साहेब. चिखलीचा माणूस चिखलीतच राहीन."

"मग जमादारी नको?"

"पाह्यजे न! पट्टा पाह्यजे, बिल्ला पाह्यजे. फकत दिवसाचा आखरी पुकारा माह्याकडं ठेवा."

बढती मिळताना जुने काम मागणारा हा पहिलाच गडी! मला हसू आवरेना.

"का रे?" साहेब वैतागले.

पुंजाजी खाली बघू लागला. "घर कोर्टाच्या मांगंच हाये. घरवालीले दिसत नाही. माहा आखरी पुकारा आयकला का तवा ठेवते. दुसऱ्याच्या आवाजावर तिनं तवा काऊन ठेवावा?"

माझे हसू जागीच विरले. साहेब म्हणाले, "बरं. आखरी पुकारा तुझा."

पुढे एके दिवशी सगळ्या पक्षकारांनी आपसात मिटवून घेतले. पुकारायला नावच उरले नाही. नवा पट्टा लावलेला पुंजाजी दाराशी घुटमळत राहिला.

साहेब आतून म्हणाले, "जमादार, एक नाव राहिलं की."

"कोणाचं, साहेब?"

"तवा कोण ठेवणार आहे?"

पुंजाजी पट्ट्याहून लाल झाला. मग छाती भरून त्याने आरोळी ठोकली, "गिरजाबाई पुंजाजी, हाजिर होऽऽ!"

अख्खे कोर्ट हसले. आणि मागच्या बाजूने उत्तर आले, "हाजिर हाये जीऽऽ! तवा ठेवला!"

पुंजाजी तिकडे तोंड करून किती तरी वेळ डोळे पुसत उभा होता. धाडच्या बाजारात त्याचा आवाज जाई की नाही, देव जाणे. गिरजाबाईंचा मात्र त्या दिवशी नक्की गेला.